थंडीची लाट असेल त्या रात्री शेतीची लाइट देऊ नका, दिवसा द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर, पुणे आणि थंडीच्या पट्ट्यातले इतर सर्व जिल्हे

विषय : थंडीच्या इशाऱ्याच्या दिवसांत कृषिपंपांना रात्रीऐवजी दिवसा वीज देण्याबाबत

महोदय, महोदया,

मी निफाड तालुक्यातला शेतकरी. दीड एकर द्राक्षबाग आहे, बाकीच्या रानात गहू आणि उन्हाळ कांदा. शेतीत पूर्णवेळ उतरण्याआधी १९ वर्षे फौजेत होतो, त्यातले दोन हिवाळे लडाखमधल्या द्रासला काढले. उणे पंचवीसची थंडी अंगावर घेतली आहे आणि गावातली तीन-चार अंशांचीही दरवर्षी घेतो. या दोन्हींपैकी मला गावातल्या थंडीची जास्त भीती वाटते. कुणाला ही अतिशयोक्ती वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

द्रास समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांच्या वर आहे. आमच्या वेळी झोजिला घाट एकदा बंद झाला की रस्ता महिनोन् महिने उघडत नसे. पण तिथे थंडी हा शत्रूच धरला जातो आणि तिच्याशी कसं वागायचं हे ठरलेलं असतं. नव्या जवानाला एकदम वर चढवत नाहीत. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार दिवस, त्याच्याही वर जायचं तर आणखी चार दिवस, अशी शरीराला सवय लावतात. पारा फार उतरला की पहाऱ्याची पाळी आखूड होते. संध्याकाळी बूट-मोजे काढून पाय दाखवावे लागतात. सुभेदार साहेब स्वतः टॉर्च घेऊन बोटं बघायचे, पांढुरकी किंवा सुन्न वाटली तर त्या रात्री ड्युटी नाही. ओले मोजे बदलल्याशिवाय झोपायचं नाही. बुखारी, म्हणजे खोली गरम करायची शेगडी, पेटली असेल तर हवेला वाट ठेवायची आणि झोपण्याआधी ती विझवायची, कारण बंद खोलीत जळणाचा वायू भरला की माणूस झोपेतच जातो. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त पर्यटक गेले, त्यातल्या कित्येकांचा जीव थंडीपेक्षा गाडीत साठलेल्या या वायूनेच घेतला.

आणि सगळ्यात पक्का नियम, एकट्याने कुठेही जायचं नाही. कायम जोडी. जोडीदाराच्या नाकाकडे, कानाकडे, बोलण्याकडे लक्ष ठेवायचं. थंडी चढलेल्या माणसाला स्वतःला काही कळत नाही. आधी तो थडथडतो, मग बोलणं जड होतं, साधी गाठ सोडवता येत नाही, चालताना तोल जातो. नंतर कुडकुडणं थांबतं आणि त्यालाच बरं वाटू लागतं. तीच वेळ सर्वांत वाईट. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की डोकं साथ सोडतं. अशा वेळी दुसऱ्याने हात धरून त्याला आत आणलं नाही, तर तो तिथेच बसून राहतो.

एवढं करूनही पहाड माणसं घेतो. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनच्या सोनम पोस्टवर हिमकडा कोसळून दहा जवान गेले. २०१७ च्या जानेवारीत काश्मीरमधल्या गुरेझला हिमस्खलन झालं, त्यात आपल्या महाराष्ट्रातलीही पोरं होती. मी तेव्हा निवृत्त होऊन घरी आलो होतो. दिवसभर रेडिओजवळून उठलो नाही. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळच्या माणा इथे रस्त्याच्या कामावरचे ५४ मजूर बर्फाखाली सापडले, ४६ जणांना जिवंत काढलं, आठ जण गेले. बर्फाच्या कड्यापुढे माणसाचं फार चालत नाही हे मी मान्य करतो. पण नुसत्या थंडीपुढे चालतं. नेमून दिलेल्या सवयींनी ती थोपवता येते, हे मी दोन हिवाळे रोज पाहिलं आहे.

आता गावाकडे येतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर होता, थंडी कडक पडली होती. माझ्या चुलतभावाचा गहू वीस दिवसांचा झालेला. गव्हाला मुकुटमुळं फुटतात ती हीच वेळ, १८ ते २१ दिवसांची. ते पाणी चुकलं तर फुटवे येत नाहीत आणि पुढे कितीही पाणी दिलं तरी नुकसान भरून निघत नाही. त्या आठवड्यात आमच्या फीडरची, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीची, पाळी रात्रीची होती. जेवण करून तो थोडा पडला आणि लाइट आल्यावर दारं धरायला एकटाच गेला. वाफा भरला की पुढचं दारं फोडायचं, मागचं मातीने बुजवायचं, हे काम पहाटेपर्यंत चालतं. चिखलात बूट रुततात म्हणून चपला बांधावर काढून सगळेच अनवाणी उतरतात. तोही तसाच उतरला.

विहिरीचं पाणी पहाटे कोमट लागतं. पाय पाण्यात असेपर्यंत बरं वाटतं. बाहेर काढून बांधावर उभं राहिलं की ओल्या कातडीवरून वारा जातो आणि तेव्हा पायांपासून थंडी चढते. ओल्या कपड्यांत शरीराची ऊब कितीतरी पटींनी लवकर जाते. पहाडात आम्ही बर्फात उभे राहायचो, पण कोरडे राहायचो. इथे तीन अंशांत माणूस गुडघ्यापर्यंत ओला होऊन सहा तास उभा असतो, अंगात एक स्वेटर आणि डोक्याला मफलर. माझी भीती ती हीच.

सकाळी वहिनी चहा घेऊन गेल्या तेव्हा तो बांधावर बसलेला होता, कुदळ शेजारी. पाणी शेवटचा वाफा फोडून ओढ्याला चाललं होतं. वय ५२. कागदावर हृदयविकार लिहिला गेला. मी डॉक्टरांना दोष देत नाही, हृदय थांबलं हे खरंच होतं. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, रक्त दाट होतं आणि हृदयावर ताण येतो, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. पण ते हृदय त्या रात्री का थांबलं, हे विचारणारा रकाना कागदावर नव्हता.

मला हे आपल्यालाच का सांगायचं आहे, तर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे आणि आपण जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष आहात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत पूर, दुष्काळ, भूकंप, गारपीट यांच्या जोडीला दंव आणि शीतलहर यांचंही नाव आहे. अशा आपत्तीत माणूस गेला तर वारसाला चार लाख मिळण्याची तरतूद आहे. पीक ३३ टक्के किंवा जास्त गेलं तर मदतीचा निकष आहे. केळीच्या हवामान आधारित विम्यात कमी तापमान हा धोका धरलेला आहे, रावेर-यावलच्या शेतकऱ्यांना ते तोंडपाठ आहे. म्हणजे केळीवर चरका येतो, थंडीने ती करपते, हे सरकारदरबारी मान्य आहे. त्याच थंडीत केळीला पाणी भरणाऱ्या माणसाचं काय होतं, याचीही नोंद व्हावी, एवढंच मी मागतो आहे.

आपल्याकडे कुठे एवढी थंडी, असं मुंबईत बसून वाटू शकतं. हवामान खात्याने देशाचा जो शीतलहरीचा मुख्य पट्टा मानला आहे, त्यात पंजाब, राजस्थान, बिहारसोबत मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ आहेत. थोडक्यात, कोकण सोडून सगळा महाराष्ट्र. पुण्यात १९३५ च्या जानेवारीत १.७ अंशांची नोंद आहे, नाशिकला १९४५ च्या जानेवारीत ०.६ ची. ही फार जुनी गोष्ट वाटत असेल तर २०१८ चा डिसेंबर आठवा. त्या लाटेत नागपूर ३.५ अंशांवर आलं आणि आमच्या शेजारी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा २ अंशांच्या खाली गेला. द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटत होत्या.

ही थंडी येते तीही पहाडातूनच. पश्चिमेकडून येणारे झंझावात काश्मीर, हिमाचलात बर्फ टाकून पुढे सरकतात. त्यांच्या मागून आकाश मोकळं होतं आणि कोरडे, गार उत्तरेचे वारे राजस्थान, मध्य प्रदेशावरून खानदेशात आणि आमच्याकडे उतरतात. ढग नाहीत म्हणून जमिनीची दिवसभराची ऊब रात्री सगळी वर निघून जाते. गार हवा जड असते, ती सखल जागी साचते. नदीकाठचं, ओढ्याकाठचं रान सगळ्यात आधी गारठतं आणि पाणी भरायचं रानही बहुतेक तेच असतं. या सगळ्यातली चांगली बाजू अशी की हे वारे न सांगता येत नाहीत. द्रासला बर्फ पडला की दोन-चार दिवसांत घरी हुडहुडी भरणार, हे मी फोनवर आईला सांगायचो. आता तर हवामान खातं पाच-पाच दिवस आधी रंगीत इशारे देतं.

पण तो इशारा निघण्याचे नियम काय आहेत तेही पाहा. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा खाली हवं आणि शिवाय ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी हवं, तेव्हा ती थंडीची लाट. तूट ६.४ च्या पुढे गेली की तीव्र लाट. पारा ४ किंवा त्याच्या खाली गेला तर सरासरी न बघता लाट मानतात. डोंगराळ भागासाठी १० च्या जागी ० अंश. शिवाय एका हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस हे व्हावं लागतं आणि घोषणा दुसऱ्या दिवशी होते. हवामानाच्या अभ्यासासाठी ही व्याख्या योग्यच असेल, मी तिच्याशी भांडत नाही. पण माझ्या गावची जानेवारीतली सरासरीच १० असेल आणि पारा ६ वर आला, तर तूट होते ४ अंशांची. म्हणजे लाट नाही. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते सहाच अंश असतात.

आणि तेही सहा नसतात. केंद्रावरचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. वारा पडलेल्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा त्याहून आणखी काही अंशांनी गार असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात, त्या दिवशी तिथल्या केंद्रावरचा पारा शून्याच्या बराच वर असतो, तो याच कारणाने. नंदुरबारमध्ये सातपुड्यातल्या डाब गावी घराच्या छपरावर आणि गवतावर बर्फ दिसतो, तेही असंच. अनवाणी माणसाचे पाय त्या गवताच्या पातळीवर असतात.

म्हणून माझं पहिलं मागणं असं, की जिल्ह्याने आपला स्वतःचा आकडा ठरवावा. महसूल मंडळांत महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं बसवलेली आहेत, त्यांच्याकडे पाच-सात हिवाळ्यांचे आकडे सहज असतील. माझ्या मते ८ अंश हा आकडा बरोबर ठरेल. अंदाज ८ च्या खाली गेला की त्या मंडळात जिल्ह्याचे काही नियम आपोआप लागू व्हावेत, त्यासाठी कुणाच्या सहीची वाट पाहावी लागू नये.

त्यातला पहिला नियम लाइटचा. शेतीपंपांना थ्री फेज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ज्या रात्री पारा ८ च्या खाली जाणार, त्या रात्रीची पाळी दुसऱ्या दिवशी उन्हात द्या. एका हिवाळ्यात अशा रात्री फार तर पंधरा-वीस निघतील. वीज कंपनीचे लोक म्हणतील की दिवसा आधीच भार जास्त असतो, सगळे फीडर एकदम दिवसा कसे घेणार. ही अडचण खरी आहे. पण आमच्याकडे कडक थंडीची रात्र म्हणजे निरभ्र रात्र, आणि तिच्या पाठोपाठ दिवसही बहुधा निरभ्रच उगवतो. त्या दिवशी सौर वीज भरपूर तयार होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणूनच आहे. तिचं काम पूर्ण होईल तेव्हा होईल, तोवर ज्या वाहिन्यांवर सौर प्रकल्प सुरू झाले आहेत तिथून आणि सखल, नदीकाठच्या फीडरपासून सुरुवात करता येईल. सगळ्यांना एकदम द्या असा माझा हट्ट नाही.

इथे एक गुंता आहे, तो लपवणं बरोबर होणार नाही. द्राक्षवाल्यांना कडक थंडीत पहाटेच लाइट हवी असते. विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडलं की बागेतली हवा थोडी उबदार राहते, मणी तडकत नाहीत. रात्र-दिवसाच्या तापमानात फार फरक पडला की पिंक बेरी होते, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडतात, आणि निर्यातीचा माल हातचा जातो, हे दुखणं मलाही माहीत आहे. पण ठिबकला पाण्यात उभं राहावं लागत नाही. मोबाइलवरून मोटर चालू करणारे स्टार्टर आता गावोगाव आहेत. उभं राहावं लागतं ते गव्हात, कांद्यात, उसात, जिथे पाटाने पाणी द्यावं लागतं. बागायतदारांशी बसून बोललात तर हा गुंता सुटेल. त्या बैठकीला मी स्वतः येईन आणि आमच्या भागातले बागायतदार घेऊन येईन.

वाफ्यात उतरणाऱ्याला आमच्याकडे बिबट्याचीही धास्ती असते. त्या धास्तीने तो हातात टॉर्च आणि काठी घेऊन जातो. थंडीसाठी काहीच घेऊन जात नाही, कारण ती जीव घेते असं त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

दुसरं ऊसतोडीचं. बीड, नंदुरबारकडची कुटुंबं दिवाळीनंतर कारखान्यांच्या पट्ट्यात येतात आणि पाचटाच्या कोप्यांत चार-पाच महिने राहतात. पहाटे तीन-चारला फडात उतरतात. दवाने ओला झालेला ऊस उघड्या हातांनी तोडतात, तान्ही मुलं बांधावर पाचटात गुंडाळून ठेवलेली असतात. थंडीच्या इशाऱ्याच्या दिवसांत तोड सूर्य उगवल्यावर सुरू करा, एवढं आपण कारखान्यांना सांगू शकता. गाडी उशिरा भरली तर काट्यावर त्यांचा नंबर जाऊ नये, हेही त्यातच सांगावं लागेल, नाहीतर कुणी थांबणार नाही.

नंदुरबार आणि गडचिरोलीच्या अधिकाऱ्यांना एक वेगळी विनंती. तिथल्या आदिवासी वस्त्यांत सिकल सेलचे रुग्ण आहेत. थंडीने त्यांच्या रक्तातल्या पेशी अडकतात आणि असह्य दुखणं उठतं. आरोग्य विभागाकडे रुग्णांच्या याद्या आहेत. इशारा आला की आशाताईंनी त्या घरांत आधी जावं, कांबळी आणि औषधं बघावीत. हे दोन दिवसांत होण्यासारखं काम आहे.

तिसरं मागणं नोंदीचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रात्री किंवा पहाटे रानात, फडात, रस्त्यावर, उघड्यावर कुणी गेलं, तर पंचनाम्यात चार गोष्टी लिहाव्यात : त्या रात्रीचं मंडळाचं किमान तापमान, कपडे ओले होते का, किती तास बाहेर होता, सोबत कुणी होतं का. कारण ठरवण्याचं काम डॉक्टरांचं, ते त्यांनीच करावं. पण या चार ओळी असतील तर त्यांना ठरवता येईल. उन्हाळ्यासाठी आता शहरांचे, जिल्ह्यांचे उष्णता कृती आराखडे आहेत. अहमदाबादने २०१३ ला सुरुवात केली, मग बाकीचे शिकले. थंडी आणि दंव यांच्या आराखड्यासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनाही आहेत. त्या आमच्या तलाठी कार्यालयापर्यंत, ग्रामपंचायतीच्या फळ्यापर्यंत आलेल्या मी पाहिलेल्या नाहीत.

आम्ही आमच्या बाजूने जे जमतं ते सुरू केलं आहे. वस्तीवरच्या सहा घरांनी ठरवलं आहे की रात्रीच्या पाण्याला एकट्याने जायचं नाही. दोघं मिळून आज तुझं, उद्या माझं भरायचं. दर दोन तासांनी बांधावर येऊन पाय पुसायचे, कोरडे मोजे घालून शेकोटीपाशी दहा मिनिटं बसायचं. बोलणं अडखळायला लागलं तर पाणी जाऊ दे, माणूस घरी न्यायचा. अंगात ऊब यावी म्हणून कुणी दारू घेऊन येत असेल तर त्याला परत पाठवायचं, कारण दारूने कातडी गरम लागते आणि आतली ऊब लवकर जाते. पंपाच्या खोलीत दार लावून कोळशाची शेगडी पेटवायची नाही, हे तर मी प्रत्येकाला दोन-दोनदा सांगितलं आहे. पहाडात शिकलेलं सगळं आता इथे उपयोगी पडतं आहे. पण ज्याच्या घरात दुसरा गडी नाही, जी बाई नवऱ्यामागे एकटीने शेत करते, तिने जोडीदार कुठून आणायचा? तिच्यासाठी दिवसाची लाइट हाच उपाय आहे.

आमच्या फीडरची पाळी या आठवड्यात पुन्हा रात्रीची आहे. गुरुवारी रात्री साडेअकराला लाइट येईल. अंदाज सात अंशांचा आहे. वहिनींच्या रानातला गहू आता पाण्यावर आला आहे. भावाचा मुलगा बारावीला आहे, त्याची परीक्षा जवळ आली आहे, तरी तोच जाणार असं म्हणतो. मी त्याच्यासोबत असेन. हे पत्र आपल्यापर्यंत गुरुवारच्या आत पोचलं, तर तेवढी एक पाळी शुक्रवारी दुपारी देता येते का बघावं.

आपला,
निफाड तालुक्यातला एक शेतकरी, माजी सैनिक